खाडी दहा मिनिटांवर, आणि मुलांच्या चित्रात देवमासा

ऐरोलीची_चित्रशिक्षिका
८ जूनला, जागतिक सागर दिनाला, आमच्या सोसायटीत ‘समुद्र वाचवा’ विषयावर चित्रकला स्पर्धा झाली. परीक्षक मी होते. साठेक चित्रं आली. निळंशार पाणी, देवमासा, डॉल्फिन, रंगीत प्रवाळ. आम्ही नवी मुंबईत राहतो, आमच्या गच्चीवरून ठाण्याची खाडी दिसते. तिचं पाणी मातकट, काठाला चिखल आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. साठांतल्या एकाही चित्रात चिखल नव्हता.

मुलांना दोष देत नाही, मोबाईलवर पाहिलेला समुद्र त्यांनी काढला. पण कलेतून मुलं समुद्राशी जोडायची तर कागद घेऊन खाडीवरच जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. गेल्या आठवड्यात दहावी-अकरावीच्या सात जणांना काठावर घेऊन गेले. एका मुलीने निवटी, म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा, काढायला घेतली. आधी डोळे बाजूला काढले, इतर माशांसारखे. मग बराच वेळ वाकून बघत बसली, खोडलं, आणि डोळे डोक्यावर घेतले, बेडकासारखे. मग विचारलं, “ही पाण्याबाहेर श्वास कशी घेते?” ओल्या कातडीतून घेते, म्हटल्यावर लगेच, “मग चिखल तेलकट झाला तर?”
इतकी वर्षं घोषवाक्यं लिहून घेतली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

सारसोळ्याचा_कोळी
ताई, तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे. आमच्याकडे पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला की आधी पिशव्या निघतात, मग मासळी. बोईट, जिताडा, चिंबोऱ्यांवर माझ्या आजोबांनी घर चालवलं. मला नोकरी धरावी लागली. नाल्यातून येणारं सांडपाणी चित्र बघून थांबत नाही. शहरभर भिंतींवर फ्लेमिंगो रंगवले. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईना, तलाव सुकला, पक्षी मेले. भिंतीवरच्या चित्रांनी त्यातला एकही वाचला नाही. पोरांना न्यायचंच तर मलनिस्सारण केंद्रात न्या आणि किती पाणी साफ होतं ते विचारायला शिकवा.

दहावीची_आई
दहावीच्या मुलांना यासाठी वेळ कुठून आणायचा, हेही सांगा. आमच्याकडे रविवारीही क्लास असतो.

नेरूळ_१९
दादा, त्या तलावासाठी लोक रस्त्यावर उभे राहिले तेव्हा मीही होतो. आदल्या रात्री आम्ही चौघांनी जमिनीवर कागद पसरून फलक रंगवले. त्याआधी मी कधी अर्जही लिहिला नव्हता. चित्र काढता येतं म्हणून मित्राने बोलावलं, आणि मग भरतीचं पाणी तलावात कुठून येतं ते शोधत बसलो. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. ती आमच्या फलकांमुळे मिळाली, असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासारख्यांना तिथवर आणलं ते रंगांनीच.

सारसोळ्याचा_कोळी
मंजुरी चिवट लोकांनी वर्षानुवर्षं केलेल्या अर्जांनी आणि पाठपुराव्याने मिळाली. खाडीचंही तसंच. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. आमच्या पागातल्या पिशव्या तेवढ्याच आहेत. पोरांची शक्ती चित्रात खर्च झाली की मोठ्यांना हायसं वाटतं, याचा मला राग आहे.

रंगकाम_वाशी
मी रंगाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. ॲक्रिलिक रंग म्हणजे मुळात प्लास्टिकच. भिंतीवरचे पोपडे पावसात गटारात जातात आणि गटार खाडीत. समुद्राच्या प्रदर्शनात थर्माकोलचे मासे मी स्वतः पाहिलेत, वाईट वाटलं. कोळसा, गेरू, खडू वापरा.

ऐरोलीची_चित्रशिक्षिका
रंगांचं मान्य, पुढच्या वेळी कोळसा आणि गेरूच. दहावीच्या आईंना एवढंच सांगते, महिन्यातले दोन तास पुरतात.

दादा, तुमचा राग रास्त आहे. केंद्रातही नेईन. पण सांडपाण्याचा प्रश्न पोटतिडकीने विचारायला आधी खाडी ओळखीची व्हावी लागते. परवा एकाने तिवराचं पान चाटून पाहिलं आणि ओरडला, “खारट आहे!” मुळांनी घेतलेलं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतं. त्याने मग त्या पानावरचे मिठाचे कण काढले, भिंगातून बघून. पांढरी चिप्पी हे २०२० पासून आपलं राज्य कांदळवन (खारफुटी) वृक्ष आहे, आणि माझ्या सातांपैकी एकालाही ती ओळखता आली नाही. मला तरी कुठे येत होती! तुम्हाला येते. तुम्ही आमच्यासोबत आलात तर मुलं पिशव्यांनी भरलेला पागही काढतील. मला तेच चित्र हवं आहे.

नेरूळ_१९
मी येतो. पागाचं चित्र मोठं करून वॉर्ड ऑफिसच्या दारात लावायचं असेल तर तेही करतो.

सारसोळ्याचा_कोळी
माझं मत बदललेलं नाही. हॉलमधल्या प्रदर्शनाला मी येणार नाही. खाडीवर येईन, पण आधी चिखल आणि पाग, मग कागद. आणि रविवार बघून ठरवू नका, तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. तेव्हा निवट्या बाहेर असतात. मुलांना जुने कपडे घालायला सांगा.