जंतूंइतकेच सवयींचेही
‘अन्नसुरक्षा हा प्रयोगशाळेचा विषय आहे, तिथे समाजशास्त्रज्ञ सरकारला काय सांगणार?’ हा नेहमीचा आक्षेप मला अर्धाच पटतो. कच्चे चिकन नळाखाली धुतल्याने कॅम्पिलोबॅक्टर या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूंचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राने सांगितले. परंतु ४४ टक्के लोक ते नेहमी धुतातच, हे ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेला सर्वेक्षणातूनच कळले आणि २०१४ साली ‘कच्चे चिकन धुऊ नका’ ही मोहीम निघाली.

त्यातही सर्वेक्षणात माणसे सोयीचे तेच सांगतात (आपणही सांगू), म्हणून या संस्थेने २० घरांच्या स्वयंपाकघरांतील प्रत्यक्ष वावराचा अभ्यास हर्टफर्डशायर विद्यापीठाकडून करून घेतला, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे न धुतलेले चिकन पातेल्यात टाकायला किती घरे तयार होतील, हे मात्र कुणीतरी घरोघरी जाऊनच पाहायला हवे.