पेन्सिल अभ्यासचित्राचा प्रिंट बैठकीच्या खोलीत लावावा का?

मांडवीकाठ:
पणजी-फोंड्याकडच्या नव्या घरांत हल्ली युरोपीय उस्तादांच्या मानवाकृतींचे 'फाइन आर्ट प्रिंट' दिसू लागलेत. पाठमोरा पुरुष, खांद्यापासून टाचेपर्यंत पेन्सिलीचं शेडिंग, जाड सुती कागद, कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे फुकट जातात. तैलचित्राचा प्रिंट एक वेळ चालेल, पेन्सिलीचा नाही. ग्रॅफाइटला, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाला, स्वतःची चकाकी असते. मूळ चित्र खिडकीपाशी तिरकं धरलं, की गुडघ्याच्या वाटीशी पुन्हा पुन्हा गिरवलेली रेघ चमकते, तिथे दबलेला कागद दिसतो, खोडरबरने उचललेला उजेड वेगळा कळतो. प्रिंटमध्ये हे सगळं एकाच राखाडीत सपाट होतं. चित्रकार कुठे अडला, रेघ कुठून कुठे सरकवली, हेच तर अभ्यासचित्रात बघायचं असतं! त्यापेक्षा आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या एखाद्या मुलाकडून किंवा मुलीकडून अस्सल लाइफ स्टडी, म्हणजे समोर माणूस बसवून काढलेलं चित्र, विकत घ्या.

डिचोलीची चित्रकला शिक्षिका:
अजिबात पटलं नाही. माझ्या नववीतल्या मुलांना मी मूळ चित्रं दाखवायला कुठे नेऊ? फ्रेंच चित्रकार अँग्रची चार हजारांहून अधिक रेखाचित्रं फ्रान्समधल्या मोंतोबाँच्या संग्रहालयात आहेत. आणि तिथवर गेलात तरी हवं ते दिसेलच असं नाही. कागदावरच्या कामाला उजेड सोसत नाही, म्हणून संग्रहालयं ती थोडे महिने जेमतेम ५० लक्स (उजेडाचं माप), म्हणजे अगदी मंद उजेडात मांडतात आणि पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात.

दुसरं म्हणजे, प्रिंटवरून शिकणं ही काही आजची पळवाट नाही. शार्ल बार्ग आणि जेरोम या फ्रेंच चित्रकारांनी १८६६ ते १८७१ दरम्यान चित्रकलेचा जो अभ्यासक्रम काढला, तो सगळा शिळाछापाच्या तक्त्यांचाच होता. व्हॅन गॉगने ते तक्ते समोर ठेवून हात घोटला. माझी मुलं प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवतात, कमरेचा कल आणि खांद्याचा कल यांच्या रेघा मारून बघतात. मूळ चित्राला असा हात कोण लावू देईल?

म्हापशाचा फ्रेमवाला:
धंद्यातलं बोलतो. राखाडी छापणं सगळ्यात कठीण. स्वस्तातले छापणारे रंगीत शाया मिसळून राखाडी करतात, मग तेच चित्र एका दिव्याखाली जांभळट दिसतं आणि दुसऱ्याखाली हिरवट. ज्याच्या मशीनमध्ये काळ्या-राखाडीच्याच दोन-तीन वेगळ्या शाया आहेत त्याच्याकडे जा, आणि शाई पिगमेंटची आहे ना ते विचारा.

मूळ चित्र घेणाऱ्यांनी आपल्या पावसाचा विचार आधी करावा. चिऱ्याची भिंत ओल ओढते. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात, बुरशी धरते, कसर लागते. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. प्रिंट खराब झाला तर दुसरा काढता येतो. कॉलेजातल्या पोरीने हाताने काढलेलं चित्र गेलं की गेलं.

फोंड्याची गृहिणी:
आमच्या बैठकीतच देवघर आहे. तिथे पूर्ण उघडी आकृती मला नको वाटते. यात कलेला नाव ठेवायचा हेतू नाही.

डिचोलीची चित्रकला शिक्षिका:
ताई, मग हातांचा किंवा पायांचा अभ्यास घ्या. तोही तेवढाच कसाचा असतो.

मांडवीकाठ:
फ्रेमवाले बाब, ओलीचं म्हणणं खरं. पण ओल आहे म्हणून अस्सल घ्यायचंच नाही? चांगली फ्रेम करून आतल्या भिंतीवर लावू.

क्रमांकाचंही बोलायला हवं. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना पत्रा झिजतो, आधीच्या प्रती जास्त धारदार येतात, म्हणून क्रमांकाला अर्थ होता. संगणकातली फाइल झिजत नाही. तिथे क्रमांक म्हणजे विकणाऱ्याचा नुसता शब्द, आणि त्याचेच जास्त पैसे घेतात. शिवाय मायकेलअँजेलोचा लिबियन सिबिल या भविष्यवादिनीचा अभ्यास 'पेन्सिल' म्हणून विकायला ठेवलेला मी पाहिलाय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं ते चित्र लाल खडूचं आहे. हल्लीच्या पेन्सिलीचं शिसं तर फ्रान्सच्या काँतेच्या १७९५ च्या पेटंटनंतरचं, म्हणजे मायकेलअँजेलोच्या कितीतरी नंतरचं.

ज्यांना अस्सल हात बघायचाय त्यांनी पणजीतल्या फोंतेन्हासला जावं. सांग्यात १८७० साली जन्मलेल्या चित्रकार आंतोनिओ शाविएर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह तिथे फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहे. आपल्या मातीतला माणूस असताना परक्या फाइली कशाला टांगायच्या?

डिचोलीची चित्रकला शिक्षिका:
त्रिंदाद शिकले ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. त्या शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून मुलांचा हात तयार करत. त्या प्रतिकृती म्हणजे नकलाच की! नकलेवरून शिकलेल्या माणसाचं नाव घेऊन तुम्ही नकलेला नको म्हणताय.

मांडवीकाठ:
वर्गात लावा, माझी ना नाही. माझा वाद बैठकीपुरता आहे. तिथे कुणी ट्रेसिंग पेपर घेऊन बसत नाही, तिथे पैसे चित्रकाराच्या हातात पडायला हवेत.

म्हापशाचा फ्रेमवाला:
एक राहिलं. घ्यायचाच असेल तर प्रिंट मूळ मापाचा घ्या. ते सिबिलचं चित्र जेमतेम २९ बाय २१ सेंटीमीटरचं, आणि लोक माझ्याकडे तीन फुटी करून आणतात. रेघ दोरीएवढी होते.