उत्तरेच्या बाल्कनीत कमळ नको, कारंजं ठेवा
फेंगशुईत उत्तर दिशा पाण्याची, म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत कमळाचा टब ठेवा, असं सुचवलं जातं. दिशा बरोबर आहे, रोप चुकीचं. कमळाला रोज ५-६ तास थेट ऊन लागतं. पुण्यात सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत ऊन जवळजवळ येतच नाही. पानं कशीबशी येतील, कळी धरणार नाही.

त्यापेक्षा छोटं कारंजं लावा, पाणी घराच्या दिशेने वाहील असं. साचलेलं पाणी फेंगशुईतही वाईटच मानतात, आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून ८-१० दिवसांत उडायला लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा कारंज्याचा टब रिकामा करून आतली कड ब्रशने घासाच. अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. बोअरचं पाणी असेल तर पंपाच्या पंख्यावर पांढरा क्षार बसून धार बारीक होते. पंखा काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवला की सुटतो. पंप मात्र कोरडा चालू देऊ नका, जळतो. आणि वजन धरा: २ फूट व्यासाच्या टबात फूटभर पाणी म्हणजे सुमारे ९० किलो, तेव्हा टब कठड्याशी नाही, घराच्या भिंतीलगत.