मदत हवी आहे: लाकडावरची बुरशी मोजताना साखरेचा आणि ओलीचा परिणाम वेगळा कसा करायचा?

नमस्कार मंडळी. प्रयोग पणजीत, ऐन पावसाळ्यात चालू आहे. आंब्याच्या फळीचे 50 × 20 × 5 मिमी तुकडे हवाबंद बरण्यांत जाळीवर ठेवले आहेत, खाली संपृक्त क्षारद्रावण. 25 अंशांना मीठ 75 टक्के आर्द्रता देतं, पोटॅशियम क्लोराइड 84, पोटॅशियम सल्फेट 97. तळाशी न विरघळलेला क्षार दिसत राहिला पाहिजे, नाहीतर द्रावण पातळ होऊन आकडा चढतो.

प्रत्येक आर्द्रतेला तीन गट: कोरं लाकूड, 1 टक्का आणि 5 टक्के ग्लुकोजच्या द्रावणात बुडवून वाळवलेलं. वाढ भिंगाखाली 0 ते 6 श्रेणीत नोंदवतो.

अडचण अशी की ग्लुकोज स्वतःच पाणी ओढतं. 97 टक्क्यांच्या बरणीत 5 टक्केवाल्या तुकड्यांचं वजन कोऱ्या तुकड्यांचं स्थिरावल्यावरही वाढतच राहतं. समतोल साधल्यावर जलसक्रियता (बुरशीला वापरता येणाऱ्या पाण्याचं माप) सगळ्यांची सारखीच असणार, हे मान्य. पण तो साधेपर्यंत थांबलं, तर मी चाचणीच्या बुरशीचे बीजाणू (तिचं बी) फवारण्याआधीच लाकडातली मूळची बुरशी उगवते. प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केलं तर वाफेने लाकडातली साखर बाहेर येते, म्हणजे कोरा गट कोरा राहत नाही.

शिवाय वाळताना ग्लुकोज आडव्या कापाच्या टोकांकडे सरकतं, म्हणून बुरशी तिथेच आधी धरते. टोकं इपॉक्सीने बंद करावीत का? बुडवण्याआधी की नंतर? आणि आलेख आर्द्रतेवर काढावा की तुकड्यातल्या प्रत्यक्ष ओलीवर?

रात्री वीज गेली, खोली एखाद्या अंशाने निवली, तरी 97च्या बरणीत थेंब धरतात. त्यावरही उपाय सुचवा.