वयापेक्षा मोठे समजले जाण्यावरून घरात होणारी थट्टा: ती कुठवर चालू द्यावी?

पांढरीशुभ्र, म्हार्दोळ
माझे वय 44 आहे. टाळेबंदीत कलप लावणे सोडले ते पुन्हा सुरू केलेच नाही, आणि तेव्हापासून लोक मला सरळ साठीत नेऊन बसवतात. फोंडा-पणजी कदंब बसमध्ये मुलगे ज्येष्ठ नागरिकांच्या आसनावरून लगबगीने उठतात. अलीकडे तर बँकेच्या रांगेत एका सद्गृहस्थांनी अत्यंत आपुलकीने विचारले, की ज्येष्ठांना दरमहा मदत देणाऱ्या गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी मी यंदाचा हयातीचा दाखला दिला की नाही. हे घरी सांगितल्यापासून यजमान सकाळचा चहा हातात देण्यापूर्वी माझ्याकडे दाखला मागतात.

माझी थोरली बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असूनही तिचे केस काळेभोर आहेत. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास, पाहायला आलेल्या एका पाहुणीने मला तिची सासू ठरवले, तेव्हापासून भावोजी आमच्या दारात आले की आधी माझ्या पाया पडतात आणि मीही त्यांना 'आयुष्मान भव, बाळा' असा आशीर्वाद देते. मला या सगळ्याची मौज वाटते. मात्र पालकसभेत कोणीतरी 'आजी आल्या वाटतं' असे म्हटल्यापासून माझी 13 वर्षांची मुलगी या थट्टेत हसत नाही. सासूबाईंना तर सवाष्णीला आजी म्हणणेच अशुभ वाटते. आपापल्या घरांत हे कसे निभावले जाते?

उत्सवी नट, साखळी
माझे केस तिशीपूर्वीच पिकले. देवळाच्या उत्सवातील नाटकात म्हाताऱ्याची भूमिका न मागता मिळते, कारण रंगभूषेचा तेवढाच खर्च वाचतो. आमच्या घरी नियम असा आहे, की बाहेर मला कोणी आजोबा म्हटले तर त्या दिवशी आजोबांचे सर्व हक्क माझे: पहिले ताट माझे, इसवणाचा (सुरमईचा) मोठा तुकडा माझा, आणि जेवताना मी दिलेला उपदेश कितीही कंटाळवाणा असला तरी कोणी मध्ये उठायचे नाही. माझे वडील 78 वर्षांचे आहेत. ते त्या दिवशी माझ्याकडे खर्चाला पैसे मागतात आणि मिळाले नाहीत तर रुसतात. ज्याला म्हातारा ठरवले गेले त्याच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे, एवढेच पथ्य आम्ही पाळतो. पूर्वी पुरुषांना साठीनंतर रेल्वेच्या भाड्यात 40 टक्के सवलत असे आणि मी केसांच्या भरवशावर त्या दिवसाची वाट पाहत होतो. मार्च 2020 मध्ये तीही थांबवण्यात आली.

औषधवाला, मडगाव
थट्टा जरूर करावी, पण आपल्याकडे साधारण पंचविशीपूर्वी केस पिकू लागल्यास ते अकाली मानले जाते, हे घरातील तरुणांसाठी लक्षात ठेवावे. बहुतेकदा कारण आनुवंशिकच असते. तरीही ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. आपल्या वयात मात्र काळजीचे कारण दिसत नाही.

पेडण्याची लेक
साखळीकरांचा नियम गमतीदार असला तरी तो पुरुषांना अधिक मानवतो, असे मला वाटते. पिकलेल्या केसांचा पुरुष लोकांना अनुभवी दिसतो. त्याच केसांच्या बाईला मात्र 'तब्येत बरी नाही का?' असे विचारले जाते, आणि हा फरक तेरा वर्षांच्या मुलीला नेमका कळतो. मला शाळेत पोहोचवायला येणाऱ्या माझ्या वडिलांना सगळे आजोबाच समजत. ते स्वतःच मैत्रिणींना सांगत, की 'मी हिचा आजोबा, हिचा बाप अजून झोपला आहे'. विनोद त्यांचा होता आणि तो त्यांनीच आधी केलेला असे, त्यामुळे माझ्यावर उत्तर देण्याची पाळी कधी आली नाही. तेव्हा मुलीला काय खुपते हे तिलाच विचारावे. आपण तर्क करत बसू नये. सासूबाईंचे म्हणाल, तर भावोजींनी एकदा त्यांच्याही पाया पडून त्यांना धाकट्या वहिनी म्हणून पाहावे.

पांढरीशुभ्र, म्हार्दोळ
मुलीला विचारले. तिला माझ्या केसांचे काहीच वाटत नाही, आणि भावोजींचा नमस्कार तर तिला पाठ आहे. तिचे बाबा हयातीच्या दाखल्याचा किस्सा तिच्या मैत्रिणींना नेताआणताना गाडीत रंगवून सांगतात, ते तिला नको आहे. यापुढे तो किस्सा उंबरठ्याच्या आतच राहील, असे यजमानांनी कबूल केले आहे. मात्र मोबदल्यात त्यांनी चहाच्या वेळचा आपला अधिकार कायम ठेवून घेतला. सासूबाईंकडे 'धाकट्या वहिनी' हा प्रयोग भावोजींनी काल केला. त्यांना आधी राग आला, मग त्यांनी भावोजींना दोन नेवऱ्या जास्त वाढल्या. इसवणाच्या तुकड्याचा ठराव मी घरी मांडला आहे, पण तो मुलीने फेटाळला, कारण मोठा तुकडा आतापर्यंत तिचाच असतो.