मदत हवी आहे: जुन्या लेथवर जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) येतोय, बेड (लेथचा लांब पाया) ग्राइंडिंगला द्यायचा का?

प्रश्न
सेंटरची उंची १२५ मिमी आणि बेड साधारण ८०० मिमी असा जुना बेंच लेथ पूर्ण खोलून साफ केला आहे. फेल्ट वायपर (पट्ट्या पुसणारे नमद्याचे तुकडे) नवे घातलेत, जिब (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) बसवून घेतलेत. ३० मिमीचा बार चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यातून) १५० मिमी बाहेर ठेवून, टेलस्टॉक (बारचं मोकळं टोक धरणारा आधार) न लावता टर्न केला तर चककडचा व्यास मोकळ्या टोकापेक्षा ०.०४ मिमीने जास्त येतो. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) लिव्हरने उचलला की डायल गेज ०.०३ दाखवतो (बेअरिंग प्लेन आहेत). क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणारा भाग) ०.१५ बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) आहे. बेडवर चकजवळ नखाला कड लागते. बेअरिंग आवळू, नट बदलू की बेड ग्राइंडिंगला देऊ?

प्रतिसाद १
तिन्हीपैकी काहीच करू नका अजून. बॅकलॅशमुळे टेपर येत नाही. हँडल नेहमी एकाच दिशेने आणून माप घेतलं की झालं. प्लेन बेअरिंगला तेलाच्या थरासाठी फट लागतेच. ती आवळून शून्य केली तर थर तुटतो, बेअरिंग तापतं आणि स्पिंडल धरतो.

टेपर कुठल्या बाजूला आहे ते बघा. टूलच्या दाबाने बार वाकत असता तर मोकळं टोक जाड आलं असतं. तुमचं उलटं आहे. म्हणजे बेडला पीळ आहे, झीज आहे किंवा हेडस्टॉक (स्पिंडल असलेला डोक्याकडचा भाग) फिरलेला आहे. सर्वात आधी पीळ काढा, कारण त्याला फक्त शिम (पातळ पत्रा) लागते. लेथचे पाय घट्ट बोल्ट केलेले हवेत. टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली ०.१ ची शिम घाला. त्यामुळे बेडचं ते टोक तुमच्याकडे झुकतं आणि टूल जॉबपासून लांब जातं. बेड लेव्हलमध्ये (आडव्या पातळीत) असण्याची गरज नाही, पीळ नसला की पुरे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त ०.०२ मिमी/मीटरची लेव्हल क्रॉस स्लाइडवर ठेवून पीळ मोजत असाल तर जपून. सॅडल (क्रॉस स्लाइड वाहून नेणारा भाग) बेडच्या झिजलेल्या पट्ट्यांवरून चालतो, त्यामुळे लेव्हलमध्ये पीळ आणि झीज दोन्ही मिसळतात. बारवर १० मिमी रुंदीच्या तीन कॉलर (उंच कड्या) ठेवा, त्यांच्या दरम्यानचा भाग खाली टर्न करा. धारदार टूल, ०.१ मिमीचा कट, आणि क्रॉस स्लाइडला हात न लावता तिन्ही कॉलर एका फेरीत. पीळ असेल तर मधली कॉलर दोन्हींच्या बरोबर मधलं माप देते. झीज अशी सरळ रेषेत येत नाही.

आणि नखाला लागलेल्या कडेने घाबरू नका. टूल नुसतं ०.१ मिमी खाली गेलं तर ३० मिमीच्या जॉबचा व्यास एक मायक्रॉनसुद्धा बदलत नाही. बदल होतो तो सॅडल तिरका झाल्यामुळे: पुढची पट्टी ०.०५ ने खाली गेली, पट्ट्यांमधलं अंतर २०० मिमी असलं, तर सेंटरच्या उंचीवर टूल ०.०३ ने बाहेर सरकतं आणि व्यास ०.०६ ने वाढतो.

प्रश्नकर्ता
०.१ शिमने फरक ०.०२ वर आला, ०.२ ने ०.००५ वर. मधली कॉलर मात्र दोन्हीपेक्षा ०.०१ ने जाड आहे. हेडस्टॉक सैल करून बघू का?

प्रतिसाद २
नको! हेडस्टॉकचा दोष असता तर तोही सरळ रेषेत आला असता. मधलं ०.०१ ही झीज आहे. तेवढ्यासाठी बेड ग्राइंड करून घेतलात तर सॅडल खाली बसेल, मग लीड स्क्रू, फीड रॉड (सॅडल आपोआप सरकवणारे दांडे) आणि ॲप्रन (सॅडलचा पुढचा गिअरचा भाग) सगळं पुन्हा जुळवावं लागेल. एमरी पेपरने पट्ट्या घासू तर मुळीच नका, त्याचे कण सॅडलखाली रुततात. बोल्ट आवळून रात्रभर ठेवा आणि सकाळी तिन्ही कॉलर पुन्हा मोजा, पाय बसल्यावर माप थोडं हलतं. पट्ट्यांना ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घाला.