गणेशोत्सवाच्या जुन्या चित्रीकरणांचे एमपी४ रूपांतर : दर्जा कसा राखावा?

सचिव, ए-१०२ : सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या गणेशोत्सवाची जुनी चित्रीकरणे डीव्हीडीवर आहेत आणि अलीकडची फोनमधून आलेल्या एमओव्ही व एमकेव्ही फाइलींमध्ये आहेत. यांतील बऱ्याच फाइली सभागृहातील टीव्हीवर चालत नाहीत. सर्वांचे एमपी४ करायचे आहे, परंतु चित्राचा दर्जा उतरता कामा नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-३०४ : सचिव महोदय, एमपी४, एमओव्ही आणि एमकेव्ही ही केवळ वेष्टने आहेत, आतील चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे आकार लहान करण्याच्या कोणत्या पद्धतीने, दाबले आहे, हे आधी पाहिले पाहिजे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडल्यास ते कळते. तेथे एच.२६४ हा कोडेक दिसला, तर फाइल पुन्हा एन्कोड करण्याचे, म्हणजे चित्र नव्याने दाबण्याचे, काहीच कारण नाही. लॉसलेसकट किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आतील तोच चित्रप्रवाह जसाच्या तसा एमपी४मध्ये ठेवता येतो आणि त्यात चित्राचा एक बिंदूही बदलत नाही. हे काम साध्या कॉपीइतके झटपट होते. म्हणून रूपांतराला तासभर लागत असेल, तर आपले सॉफ्टवेअर पुन्हा एन्कोड करीत आहे असे खुशाल समजावे. हँडब्रेक हे रूपांतराचे सॉफ्टवेअर चांगले आहे, पण ते चित्र नेहमीच नव्याने एन्कोड करते.

सी-२०१ : काका, माझ्या फोनमधील फाइलींत एचईव्हीसी असे दिसते. त्यांचे काय करावे?

बी-३०४ : ताई, एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५. टीव्ही जुना असेल, तर वेष्टन बदलूनही ती चालणार नाही आणि एच.२६४मध्ये एन्कोड करावेच लागेल. त्यात थोडी हानी अटळ आहे, परंतु हँडब्रेकमध्ये गुणवत्तेचा आकडा, म्हणजे आरएफ, १८च्या आसपास ठेवल्यास ती डोळ्यांना सहसा जाणवत नाही. आकडा जितका लहान, तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. चित्रीकरण एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड व रंगांचा अधिक विस्तार टिपणाऱ्या प्रकारात, असेल, तर रंग फिके पडत नाहीत ना, हे एका छोट्या तुकड्यावर आधी पाहून घ्यावे. एन्कोडिंग मूळ फाइलीवरून एकदाच करावे, कारण प्रतीची प्रत काढताना प्रत्येक वेळी काहीतरी गळते.

ए-५०३ : डीव्हीडीवरील आरत्या ४केमध्ये रूपांतरित केल्यास अधिक स्पष्ट दिसतील का?

बी-३०४ : नाही. आपल्याकडील पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते. जो तपशील टिपलाच गेला नाही, तो आकार वाढवून येत नाही. उलट, ते बहुधा इंटरलेस्ड असते, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे (एकाआड एक ओळींची) असतात. त्यामुळे डीइंटरलेस न करता, म्हणजे या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे न बनवता, एन्कोड केले, तर ढोल वाजवणाऱ्यांच्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा कायमच्या उमटतात. डीइंटरलेस करताना सेकंदाला ५० फ्रेम (पूर्ण चित्रे) ठेवल्या, तर लेझीमची लय तुटत नाही. चित्राच्या रुंदी-उंचीचे ४:३ हे गुणोत्तरही सांभाळावे, अन्यथा चेहरे फाकलेले दिसतात. सर्वांत आधी मात्र प्रत्येक डिस्कची आयएसओ प्रत, म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलीतील हुबेहूब नक्कल, काढून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डिस्क खराब होतात आणि त्यांवरील काही मंडळी आज आपल्यात नाहीत.

सचिव, ए-१०२ : मनःपूर्वक आभार. आयएसओ प्रती आणि मूळ फाइली दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर राहतील. टीव्हीसाठीचे एमपी४ वेगळ्या पेनड्राइव्हवर असेल. ग्रुपवर नेहमीप्रमाणे पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्यामुळे सभासदांनी मूळ फाइली पेनड्राइव्हवर कार्यालयात आणून द्याव्यात किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाव्यात.